कॉमिक्स शंभराचं, बोट दोनशेची

कॉमिक्स विकत घ्यायला मी पहिल्यांदा घराबाहेर पडले तेव्हा माझं वय त्रेपन्न होतं. त्याआधी वाचलेली सगळी भाड्याची. रेवदंड्याला आमच्या आळीच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीवाले एक काका होते. त्यांच्या दुकानाच्या दारात सुतळीवर वेताळ आणि मंड्रेक वाळत घातल्यासारखे टांगलेले असत. तिथेच बाकावर बसून वाचलं तर दहा पैसे, घरी नेलं तर पंचवीस. पंचवीसची ऐपत क्वचितच असे, त्यामुळे माझ्या आठवणीतल्या वेताळाला पंक्चरच्या सोल्युशनचा वास येतो.

मग यंदा भाचीने फोन केला, "मावशी, वाढदिवसाला मला मँगा हवी." तिचा वाढदिवस एप्रिलमधला. मी लगेच हापूसची पेटी सांगून मोकळी झाले. आंबे तिने खाल्ले, आणि मग सातवीतल्या मुलीला शोभेल अशा दयाळूपणाने मला समजावलं की मँगा म्हणजे जपानी कॉमिक्स, ती उजवीकडून डावीकडे वाचतात आणि तिच्या वर्गात सगळ्यांकडे आहेत. सगळ्यांकडे म्हणजे तिघींकडे, हे नंतर कळलं.

अशा रीतीने दोन याद्या तयार झाल्या, एक तिची नव्याची आणि एक माझी जुन्याची. त्या घेऊन आम्ही सहा-आठ महिने फिरलो. खाली दिलेले भाव त्या काळात आम्ही दिलेले किंवा ऐकलेले आहेत. तुम्हाला पाच-पंचवीस इकडेतिकडे लागतील.

पहिली गोष्ट ही कळली की अमेरिकेत असतं तसं फक्त कॉमिक्सचं दुकान आपल्या किनाऱ्यावर शोधायला जाऊ नये. तिकडे दर बुधवारी नवे अंक येतात, दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकाचे अंक त्याच्या नावाने बाजूला काढून ठेवतो आणि जुने अंक खोक्यांत उभे लावलेले असतात. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, पेण, कुठेच मला तसं दुकान दिसलं नाही. आपल्याकडे तेच दुकान पाच ठिकाणी विखुरलेलं आहे: थोडं शाळेच्या स्टेशनरीवाल्याकडे, थोडं रद्दीवाल्याकडे, थोडं वाचनालयाच्या मागच्या कपाटात, थोडं मुंबईतल्या फाउंटनच्या फुटपाथवर आणि उरलेलं मोबाइलमध्ये. म्हणून इथे हिशेब अंकाच्या छापील किमतीचा करायचा नसतो, फेरीचा करायचा असतो.

आमचीच पहिली फेरी सांगते. दोघी जणी, अलिबागहून मांडव्याची बस आणि बोट धरून गेटवे, येताना तसंच. तिकीट माणशी एका बाजूचं दोनशेच्या आगेमागे, म्हणजे आठशे तिथेच गेले. वडापाव, सरबत, दोन वेळचा चहा आणि भाचीचं आइस्क्रीम मिळून तीनशे. त्या दिवशी आम्ही घेतली फक्त तीन कॉमिक्स, प्रत्येकी शंभराची. चौदाशे भागिले तीन केलं तर एक कॉमिक्स साडेचारशेच्या वर गेलं. तेच वीस घेतली असती तर प्रत्येकावर प्रवासाचे पंचावन्न चढले असते. या एका भागाकारावर पुढचा सगळा शहाणपणा उभा आहे.

आधी फुकटचं

विकत घेण्याआधी काय आवडतं ते कळायला हवं, आणि ते कळायला पैसे लागत नाहीत. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. सगळी कॉमिक्स नाहीत त्यात, पण चित्रकथा आहेत, आणि ज्यांची चित्रं पाहत आपण मोठे झालो ते चित्रकार आहेत. मी एका रविवारी दुपारी उघडलं ते दिवेलागणीला बंद केलं.

मँगासाठी जपानच्या शुएशा प्रकाशनाचं 'मँगा प्लस' हे अधिकृत ॲप आहे. त्यावर बहुतेक चालू मालिकांची पहिली तीन आणि शेवटची तीन प्रकरणं पैसे न भरता वाचता येतात. पोराने एखाद्या मालिकेचा हट्ट धरला की आधी ही तीन प्रकरणं वाचायला लावा. आमच्याकडे यादीतल्या सात नावांपैकी चार इथेच गळाली. म्हणजे दोन हजार वाचले.

आणि गावातलं वाचनालय. आपल्याकडे शासनमान्य वाचनालयांची परंपरा जुनी आहे. 1967 च्या ग्रंथालय कायद्यापासून त्यांना अनुदान मिळतं, आणि ते पुरत नाही ही तक्रारही तितकीच जुनी आहे. वर्गणी महिन्याला फार तर शंभरेक रुपये, अनामत वेगळी आणि ती परत मिळणारी. बालविभागात जा आणि "बांधीव अंक आहेत का?" असं विचारा, कारण कॉमिक्स म्हणून विचारलंत तर नाही म्हणतील. आमच्या वाचनालयात 'चांदोबा'चे आणि अमर चित्र कथांचे जाडजूड गठ्ठे 'संकीर्ण' अशा पाटीखाली झोपले होते. वाचनालयाच्या बाईंनी धूळ झटकली, दोघींनाही शिंका आल्या, आणि पुढचे तीन आठवडे मला काही विकत घ्यावं लागलं नाही. खरेदीसाठी नवी पुस्तकं सुचवायची वहीही तिथे असते. त्यात लिहा, बहुतेक सभासद लिहीत नाहीत.

गावातल्या गावात

नवं कॉमिक्स घ्यायला मुंबई गाठायची गरज नसते, हे मला पहिली फेरी वाया गेल्यावर कळलं. ती तीन शंभराची कॉमिक्स म्हणजे अमर चित्र कथाच होत्या. त्या गावातल्या स्टेशनरीवाल्याने आठ दिवसांत मागवून दिल्या असत्या. त्याचा पाठ्यपुस्तकांचा माल येतच असतो, चार अंक त्यात टाकायला त्याला काही जड जात नाही. फक्त मे-जूनमध्ये जाऊ नका. वह्या-पुस्तकांच्या गर्दीत तुमच्या सुप्पंडीकडे कोणी बघणार नाही. जुलै-ऑगस्टात गेलात तर तो खुर्ची देतो.

सुटी अमर चित्र कथा शंभराच्या आसपास पडते. तीन किंवा पाच कथांचे एकत्र खंडही निघतात, आणि अंकामागे तेच स्वस्त. मराठीत हवी असेल तर मागवतानाच ठणकावून सांगा, नाहीतर इंग्रजी येतं आणि "ताई, तेच आलंय" असं ऐकावं लागतं. अनंत पै यांनी 1967 मध्ये सुरू केलेली ही मालिका इंग्रजीतून वाढली खरी, पण हात बरेचसे मराठी होते. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम. 'टिंकल'मधला शिकारी शंभू काढला वसंत हळबे यांनी. मराठी अंक आता कमी दुकानांत दिसतात, त्यामुळे दिसला की घ्या. एवढी एक उधळपट्टी मी करू देते.

आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना आपलाच जिल्हा चित्रांत दाखवायचा असेल तर 'तानाजी' घ्या (तानाजीचं उमरठे पोलादपूर तालुक्यात आहे हे वाचून झाल्यावर सांगा, आधी नको) आणि 1979 मध्ये निघालेला 'बाबासाहेब आंबेडकर' घ्या, त्यात महाड आहे. मोठ्या मुलांसाठी 'भीमायन' हे 2011 चं इंग्रजी पुस्तक आहे. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी ते काढलं. त्यात चौकटीच नाहीत. गोंड लोक अंगणात दिग्ना ही नक्षी काढतात तशी पानावर चित्रं वाहत जातात. चवदार तळ्याचं प्रकरण त्यात पाहून मग महाडला जावं.

बिलाबद्दल एक. छापील पुस्तकांवर आणि नियतकालिकांवर जीएसटी शून्य आहे. कॉमिक्सच्या बिलात कुणी वर कर लावला असेल तर शांतपणे विचारा. माझ्या एका बिलात कॉमिक्स खेळण्यांच्या रकान्यात गेलं होतं. विचारल्यावर मुकाट दुरुस्त झालं.

आता फेरी

जुन्यासाठी मात्र जावंच लागतं, आणि कसं जायचं यावर निम्मा खर्च ठरतो.

गेटवेची बोट सगळ्यांत सुखाची. मांडवा ते गेटवे तासाभराचा प्रवास, अलिबागपर्यंतची बस तिकिटातच. दर कंपनीनुसार आणि वर बसता की खाली यानुसार दीडशे ते अडीचशे. पण ही बोट पावसाळ्यात बंद असते, साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत. भाऊच्या धक्क्याची रो-रो पावसातही हवा बघून सुटते, पण माणशी चारशेच्या वर मोजून फुटपाथवरचं कॉमिक्स आणायला जाणं मला तरी पटत नाही. रेवसची लाँच सगळ्यांत स्वस्त. तिला ओहोटी विचारून जावं लागतं, इतकंच.

कंजूष असाल आणि वेळ असेल तर एसटी. महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीपुढच्यांना फुकट, पासष्ट ते पंच्याहत्तर निम्मं. अलिबाग-पनवेल मला साठ-पासष्ट पडले. पनवेलहून सीएसएमटी लोकल वीस रुपये. दोघींचं जाणं-येणं मिळून साडेतीनशेच्या आत, म्हणजे बोटीच्या निम्म्याहून कमी. वडखळच्या कोंडीत अडकलात तर दिवस गेला, हे मात्र किमतीत धरा. कॉमिक्ससाठी आजीला सोबत न्यायला हरकत नाही. तिची पंच्याहत्तरी झाली असेल तर एसटीचं तिकीट लागत नाही आणि घासाघीस ती आपल्यापेक्षा चांगली करते.

दक्षिणेकडच्यांचं गणित वेगळं. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या माणसाला माणगाव-ताम्हिणीमार्गे पुणं धरणं मुंबईपेक्षा सोयीचं पडतं, आणि मराठी नव्या पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक काही कमी नाही. 'चिंटू'चे संग्रह तिथे हमखास. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू नोव्हेंबर 1991 मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाला. ज्यांनी तो चहाबरोबर वाचला त्यांची मुलं आता तो विकत मागतात. दोन-तीन संग्रहांत घरातल्या तिन्ही पिढ्या शांत होतात, या दृष्टीने स्वस्त.

फाउंटनच्या फुटपाथवर

गेटवेहून फाउंटन चालत वीस-पंचवीस मिनिटं, काळा घोड्यावरून. बेस्टने गेलात तर मे 2025 पासून किमान तिकीट दहा रुपये आहे. मी चालते, कारण सकाळी अकराच्या आधी विक्रेते गठ्ठे सोडत नाहीत आणि लवकर पोचून काही फायदा नसतो. पालिकेने 2005 मध्ये इथले बरेच पुस्तकवाले उठवले, मग हळूहळू काही परतले. पूर्वीची ती भिंतीएवढी रास आता नाही. दुसरं ठिकाण माटुंग्याचं किंग्ज सर्कल, पनवेलहून येताना वडाळ्याला गाडी बदलली की झालं. मला कॉमिक्सच्या बाबतीत किंग्ज सर्कल जास्त पावलं. तिथे शाळा-कॉलेजांची पोरं पुस्तकं विकून जातात, त्यामुळे टिंकल, ॲस्टेरिक्स, टिनटिन यांचे वापरलेले अंक येत राहतात. नवा टिनटिन पाचशेच्या घरात आणि मालिका चोवीस पुस्तकांची. वापरलेला मला दीडशे ते अडीचशेत मिळाला.

नवख्याची पहिली चूक म्हणजे नाव घेऊन विचारणं. "वेताळ आहे का?" म्हटलं की भाव तिथेच दुप्पट होतो. आधी दुसराच गठ्ठा चाळा, एखादं पाककृतीचं पुस्तक हातात धरा, आणि मग सहज बघितल्यासारखं विचारा. हे मला कुणी शिकवलं नाही, एका मराठी इंद्रजालला चारशे मोजल्यावर आपोआप आलं.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स समूहाने मार्च 1964 मध्ये सुरू केली, 1990 मध्ये बंद पडली. म्हणजे बाजारातला कोणताही मूळ अंक पस्तीस वर्षं तरी जुना. मराठी अंक इंग्रजीपेक्षा दुर्मीळ, कारण ते वाचून वाचून संपले. आबिद सुरती यांचा 'बहादूर', 1976 मध्ये आलेला, चंबळच्या डाकूंशी लढणारा, हा त्या वेताळ-मंड्रेकच्या गर्दीतला आपला गडी. त्याला मागणी वाढतेय असं तीन विक्रेत्यांनी सांगितलं, अर्थात विक्रेते सगळ्याच मालाबद्दल तसं सांगतात. फाटका, मुखपृष्ठ नसलेला मराठी इंद्रजाल शंभराच्या आत. धड असलेला दीडशे ते चारशे. यापुढचे आकडे संग्राहकांचे आहेत, आपण वाचकांनी तिकडे फिरकू नये.

अंक हातात घेतल्यावर काय बघायचं ते जरा सावकाश सांगते, कारण पैसे इथेच बुडतात. आधी अंक मध्यावर उघडा. दोन्ही पिना दिसल्या पाहिजेत. या अंकांत एका कागदाची चार पानं होतात, पुढची दोन आणि मागची दोन. त्यामुळे पुढचं एक पान कुणी फाडलं की त्याचं मागचं जोडपान पिनेतून सुटून हलायला लागतं. सैल पान दिसलं की त्याची जोडी शोधा. ती हमखास गेलेली असते, आणि ती असते शेवटून दुसरी, जिथे वेताळ मुखवट्यामागचा माणूस कोण ते सांगणार असतो. मग पिनेभोवतीचा डाग बघा. फिका पिवळा चालेल, तपकिरी वर्तुळ पानापलीकडे उमटलं असेल तर तो कागद दोन पावसाळ्यांत तुटेल. मग कडा. पूर्वी लोक पंचवीस-तीस अंक एकत्र बांधून घेत. बाइंडर तिन्ही बाजूंनी कापायचा, त्यात वरच्या फुग्यांतली अर्धी ओळ जायची. बांधीव गठ्ठा अंकामागे स्वस्त पडतो, वाचायला सोयीचा, परत विकायला निकामी. मी दोन घेतले, मला विकायचे नाहीत. शेवटी वास घ्या. लोक बघतात, बघू देत. कुबट वास आला तर सोडून द्या, तो घरातल्या बाकीच्यांनाही लागतो.

अमर चित्र कथेचा अंक कुणी "एकदम ओरिजनल, सत्तर सालचा" म्हणून दाखवला तर मलपृष्ठ उलटा. बारकोड असेल तर अंक त्या काळातला नाही. जुन्या अंकांवर इंडिया बुक हाउसचं नाव असतं. 2007 मध्ये मालिका दुसऱ्या कंपनीकडे गेली. कथा दोन्हींत तीच, मग वाचायला नवाच घ्या, चाळीस वर्षांच्या धुळीचे दोनशे जास्त कशाला.

फाउंटनवरच किताबखाना आहे, मराठी पुस्तकंही ठेवतात, नव्या मालासाठी आणि दुपारच्या उन्हातून आत शिरण्यासाठी उत्तम. दादर पश्चिमेला आयडियल आणि मॅजेस्टिक आहेत, पण तिथे गेलात तर कॉमिक्स राहतं बाजूला आणि पिशवीत कादंबऱ्या येतात. आपल्या बजेटमध्ये ते बसत नाही.

आणि घड्याळ बघत राहा. दुसऱ्या फेरीत मी एका गठ्ठ्याशी इतकी गुंतले की गेटवेला पोचेपर्यंत शेवटची बोट सुटून दिवा लहान होत चालला होता. मग सीएसएमटी, पनवेल, पेणपर्यंत एसटी, पुढे वाटेकरी जमवून टेम्पो. घरी साडेअकरा. परतीचं तिकीट फुकट गेलं ते वेगळंच. त्या दिवशीच्या नऊ अंकांवर हा भुर्दंड वाटून टाकला आहे, तरी भाचीने अजून आईला सगळं सांगितलेलं नाही.

रद्दीवाल्याकडे

एक अंक मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला. किलोत बारा ते पंधरा बसतात. रद्दीचा भाव किलोला पंधराएक रुपये धरला तर अंक रुपयाला पडायला हवा. या आनंदात मी बाजारपेठेमागच्या रद्दीवाल्याकडे गेले. त्याने गोणपाटाखालून सुतळीने बांधलेला गठ्ठा काढला, वर चंपक, मध्ये दिवाळी अंक, तळाशी चार इंद्रजाल. मी काट्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "ताई, ही किलोवर नाय. ही नगावर." त्यालाही मोबाइल आहे. तीस रुपये नग असं ठरलं, चारही घेतले. एकात वाळवीने वेताळाच्या घोड्याच्या पोटातून आरपार बोगदा काढला होता. तरी मुंबईपेक्षा पाचपट स्वस्त, आणि प्रवास सायकलचा. गावातल्या रद्दीवाल्याला आपला नंबर देऊन ठेवा. दिवाळीची आवराआवर आणि शाळा संपल्यानंतरचा आठवडा, हे त्याचे सुगीचे दिवस. जुनी घरं विकली जातायत किनाऱ्यावर, माळे रिकामे होतायत, त्यातूनही बरंच येतं. त्या गठ्ठ्यांत कधी मालकाचं नाव असतं, इयत्तेसकट. मी ती पानं तशीच ठेवते.

भाचीचा हिशेब

मँगाचा एक खंड चारशे ते सहाशे. एकाने भागत नाही, हीच त्यातली मेख. 'वन पीस' शंभर खंडांच्या पुढे गेलं आणि अजून चालूच आहे. साडेचारशेने गुणलंत तर पन्नास हजारांच्या जवळ जातं, तेवढ्यात जुनी स्कूटर येते. म्हणून सुरुवात संपलेल्या मालिकेपासून करावी. 'डेथ नोट' बारा खंडांत संपते, 'डीमन स्लेयर' तेवीस खंडांत. पण दोन्ही बाराव्या वर्षीच्या मुलीला देण्याआधी मलपृष्ठ बघा. विझ कंपनीच्या खंडांवर वयाची खूण असते: ए म्हणजे सगळ्यांसाठी, टी किशोरांसाठी, टी-प्लस त्याहून मोठ्यांसाठी, एम प्रौढांसाठी. 'डेथ नोट' टी-प्लस आहे. दुकानातला मुलगा हे सांगत नाही, त्याला विकायचं असतं.

वर्गातल्या मँगावाल्या तिघी आणि भाची अशा चौघींनी शेवटी मालिका वाटून घेतली. प्रत्येकीने एकच घ्यायची आणि फिरवायची. चौघींत मिळून महिन्याला दोन खंड येतात, माणशी सव्वादोनशे ते अडीचशे. सायकलवाल्या काकांचाच धंदा, फक्त दोरी नाही.

मुंबईचं कॉमिक कॉन गेल्या काही वर्षांत बीकेसीला भरलं आहे. दिवसाचं तिकीट हजाराच्या आसपास, प्रवास वेगळा, आणि आत वेशभूषा केलेली पोरं पुस्तकांपेक्षा जास्त. बघायला मजा, स्वस्त खरेदीसाठी नाही.

घरपोच आणि घोळ

ऑनलाइन मागवताना नव्या पुस्तकाची फारशी भीती नाही. जुन्यात आहे. मी एका विक्रेत्याकडून "दहा मूळ मराठी अंक" मागवले, फोटोत दहा मुखपृष्ठं झळकत होती. आले ते सात अंक आणि तीन रंगीत झेरॉक्स, तेही पिना नव्या मारलेल्या. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढला होता म्हणून निभावलं. सांगितल्याप्रमाणे वस्तू नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यावीच लागते, 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत तसं आहे. तो ऐकेना तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर लावला, मराठीत बोलता येतं. बाराव्या दिवशी पैसे आले. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग अलिबागेतच आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही. नऊशे रुपयांसाठी कुणी जात नाही, पण आपण जाऊ शकतो हे विक्रेत्याला कळवलं की आवाज बदलतो. विकत घेण्याआधी मधल्या पानाचा, दोन्ही पिना दिसतील असा फोटो मागा. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

खारी हवा

हा खर्च मुंबईच्या संग्राहकाला कळत नाही. आपल्याकडे लोखंड दोन वर्षांत फुलतं, मग पिना कशा टिकणार. गंजलेली पीन मी नखाने हळूच उचकटते आणि त्याच भोकांतून पांढऱ्या सुती दोऱ्याने दोन टाके घालते. पाच रुपयांचं रीळ, पन्नास अंक. पारदर्शक पिशव्या शंभराला दीड-दोनशेत येतात, पॉलिप्रॉपिलीनच्या मागा. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकमध्ये शाई चिकटते. पिशव्या थंडीत भरायच्या, डिसेंबर-जानेवारीत, हवा कोरडी असताना. मी यंदा उत्साहात जुलैत भरल्या आणि दमट हवाच आत कोंडून ठेवली. गणपतीत उघडून बघते तर मंड्रेकच्या टोपीवर बुरशी. समुद्राकडच्या भिंतीला कपाट नको. कसरीसाठी कडुलिंबाची वाळलेली पानं आई ठेवायची, मीही ठेवते. डांबरगोळ्या ठेवायच्या तर कपाटाच्या कोपऱ्यात, कागदाला न लावता.

पुढची फेरी दिवाळीनंतर, एसटीने. यादीत माझे सहा बहादूर आणि तिचे चार खंड आहेत, पाकिटात दीड हजार. परतीची बोट या वेळी नाही. भाचीने मोबाइलवर साडेचारचा गजर लावून ठेवला आहे, त्याला नाव दिलंय "मावशी उठ".